तयार वामनवृक्ष कीं स्वहस्तें वाढविलेला?



शहरांतील घरांना अंगण राहिलें नाहीं, पण झाडांची हौस मात्र गेलेली नाहीं. ही हौस भागविण्याचे जे मार्ग आज लोकप्रिय आहेत त्यांत वामनवृक्षाचा, म्हणजे जपानी भाषेंत ज्याला बोन्साय म्हणतात त्याचा, क्रम बराच वर लागतो. 'बोन' म्हणजे उथळ तबक आणि 'साय' म्हणजे लावणें, असा त्या शब्दाचा सरळ अर्थ आहे. कला मूळची चीनची. तेथून ती जपानांत गेली आणि आज आपण पाहतों तें रूप तिला तेथें आलें. या कलेचा नाद लागलेल्या गृहस्थापुढें पहिल्याच दिवशीं एक प्रश्न उभा राहतो. रोपवाटिकेंत मांडून ठेविलेला तयार वामनवृक्ष पैसे मोजून घरीं आणावा, कीं एखादें साधें रोप, छाट किंवा जुनें खोड घेऊन तें स्वतःच्या हातानें घडवावें? या प्रश्नाचा दोन्ही बाजूंनीं विचार करावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. वामनवृक्ष ही झाडाची निराळी जात नव्हे. ज्या वडाच्या सावलींत गांवची सभा भरते, त्याच वडाची छाट तबकांत लावली कीं वामनवृक्षाचा आरंभ होतो. उथळ कुंडी, ठराविक काळानें मुळांची छाटणी, शेंड्यांची खुडणी आणि तारेनें फांद्यांना दिलेलें वळण, या चार उपायांनीं झाडाचा आकार आटोक्यांत ठेवितात. हे उपाय थांबले कीं झाड आपल्या मूळच्या स्वभावावर जातें. वर्षभर कात्री लागली नाहीं तर शेंडा सुटतो, खालच्या फांद्या अशक्त होतात आणि सुबक आकार हरवतो. यावरून असें दिसेल कीं दुकानदार ज्या अर्थानें 'तयार' हा शब्द वापरतो तो अर्थ येथें लागू पडत नाहीं. कपाट तयार होतें, मूर्ति तयार होते. झाड जिवंत आहे तोंवर त्याचें काम संपत नाहीं. तेव्हां विकत घेणाऱ्यालाही कात्री हातीं धरण्यावांचून गत्यंतर नाहीं.

आतां विकत घेण्याच्या बाजूनें काय सांगतां येतें तें पाहूं. वामनवृक्षाची शोभा मुख्यतः त्याच्या बुंध्यांत असते. बुंधा तळाशीं रुंद असावा, चारी दिशांना मुळें पसरलेलीं दिसावीं आणि वर जातां जातां खोड क्रमानें निमुळतें व्हावें. परंतु उथळ कुंडींत खोडाची जाडी वाढणें जवळजवळ थांबतें. खोड जाड होतें तें मोकळेपणानें वाढणाऱ्या मुळांच्या आणि पानाफांद्यांच्या बळावर. तीं आपण छाटीत राहिलों तर खोडाला बळ येणार कोठून? म्हणून जाणते उत्पादक रोप प्रथम कित्येक वर्षें शेतांत लावितात. खोडाच्या खालच्या भागीं एखादी फांदी मुद्दाम हवी तशी वाढूं देतात आणि तिनें खोडाला जाडी दिल्यावर ती समूळ कापून टाकतात. कापल्याची जखम भरून येण्यासही कांहीं वर्षें जातात. जपानच्या शिकोकू बेटावरील ताकामात्सु शहराच्या किनाशी व कोकुबुंजी या भागांत पाइनच्या रोपांचीं अशीं शेतेंच्या शेतें आहेत. तयार झाडाची किंमत ऐकून ग्राहक दचकतो. परंतु त्या किंमतींत दुसऱ्या कोणी तरी त्या झाडाला दिलेलीं दहा, वीस, तीस वर्षें मोजलेलीं असतात. माझ्या वयाच्या, साठी उलटलेल्या माणसाला बियांपासून आरंभ करून जुन्या वडाचा डौल पाहण्याची आशा धरतां येत नाहीं. त्यानें तीं वर्षें विकत घेतलीं तर त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

खुद्द जपानांतही तो मानीत नाहींत. १९२३ सालच्या मोठ्या भूकंपानंतर तोक्योमधील वामनवृक्षांचे कांहीं व्यावसायिक शहराबाहेर ओमिया येथें गेले आणि १९२५ सालीं तेथें त्यांची वसाहत उभी राहिली. अशा व्यावसायिकांकडे आपलीं झाडें निगराणीसाठीं ठेवणारे हौशी मालक तेथें पुष्कळ आहेत. १९३४ पासून तोक्योंत भरत असलेल्या कोकुफू या प्रसिद्ध प्रदर्शनांत झाडाखालीं नांव मालकाचें असतें, पण त्याला घडविणारा हात बहुधा दुसऱ्याचा असतो. शेतकऱ्यानें बुंधा वाढवावा, कारागिरानें फांद्या घडवाव्या आणि रसिकानें तें झाड पोसावें, अशी ती श्रमविभागणी आहे.

तयार झाडाचा आणखी एक लाभ शिक्षकाच्या दृष्टीनें मला महत्त्वाचा वाटतो. सुंदर अक्षर ज्यानें पाहिलेंच नाहीं त्या मुलाला कित्ता गिरविण्यास सांगून उपयोग होत नाहीं. चांगलें झाड रोज डोळ्यांसमोर असलें म्हणजे फांदी कोठून निघावी, कोठें मोकळी जागा सोडावी, पानांचा भार किती असावा, हें नकळत शिकलें जातें.

पण या बाजूला धोकेही आहेत, आणि ते घरांतील पैशाशीं व एका जिवाशीं निगडित असल्यामुळें स्पष्ट सांगितले पाहिजेत. पहिला धोका हवामानाचा. जपानी पाइन, मेपल यांसारख्या झाडांना हिवाळ्याची थंड विश्रांति लागते. मुंबईच्या उष्ण व दमट हवेंत ती मिळत नाहीं. झाड कांहीं काळ साठविलेल्या शक्तीवर तग धरतें आणि मग खंगत जातें. दुसरा धोका स्थानाचा. शोभेची वस्तु म्हणून घेतलेला वामनवृक्ष दिवाणखान्यांतील मेजावर, पंख्याखालीं ठेवला जातो. त्याला उजेड हवा असतो, आणि तबकांत माती थोडी असल्यामुळें उन्हाळ्यांत एखाद्या दिवसाचें पाणी चुकलें तरी तें त्याच्या जिवावर बेततें. आठ दिवस परगांवीं जाणाऱ्या कुटुंबानें कुलूप लावण्यापूर्वीं शेजाऱ्याकडे किल्लीबरोबर झाडही सोपविलें पाहिजे. तिसरा धोका फसवणुकीचा. कालपरवांच कुंडींत खोंवलेलें, मुळें न धरलेलें रोप जुनें म्हणून विकलें जातें. घेण्यापूर्वीं खोड हलकेंच धरून हालवून पाहावें; तें मातींत डुगडुगत असेल तर तें घेऊं नये. मातीवर खडे चिकटवून टाकले आहेत काय, कुंडीच्या तळाला पाणी जाण्यासाठीं भोंकें आहेत काय, तार सालींत रुतून वळ उठले आहेत काय, हें पाहावें. वय विचारण्यापेक्षां बुंधा पाहावा. आंकडा कोणीही सांगूं शकतो.

आतां स्वतः घडविण्याची बाजू. याचे मार्ग मुख्यतः तीन. बीं पेरणें हा सर्वांत लांबचा. त्यांत पहिल्या दिवसापासून मुळांना वळण लावतां येतें, पण धीर दीर्घ लागतो. दुसरा मार्ग छाटाचा किंवा गुटी कलमाचा. आपल्याकडे हा फार सोयीचा आहे, कारण वडाची अंगठ्याएवढी जाड छाटही पावसाळ्याच्या तोंडीं लावली असतां सहज मुळें धरते, आणि गुटी कलमानें तर मोठ्या झाडाची वांकडीतिकडी फांदी मुळांसकट वेगळी करून घेतां येते. पहिल्या दिवशींच थोडें खोड हातीं येतें, म्हणजे कांहीं वर्षें वांचलीं. तिसरा मार्ग निसर्गानें खुजें करून ठेविलेलें जुनें झाड उचलून आणण्याचा. जपानांत अशा झाडांना यामादोरी म्हणतात आणि त्यांची थोरवी मोठी मानतात. परंतु या मार्गानें केवढी हानि होते तेंही तेथेंच दिसलें आहे. इतोइगावा परिसराच्या कड्यांवरील ज्युनिपरचीं जुनीं झाडें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इतकीं खणून नेलीं कीं तीं दुर्मिळ झालीं, आणि आज त्या वाणाचीं झाडें मुख्यतः छाटांपासून करावीं लागतात. सह्याद्रींत हिंडणाऱ्या हौशी मंडळींनीं हें ध्यानांत ठेवावें. राखीव जंगलांतून परवानगीवांचून झाड काढून नेणें हा १९२७ च्या वन कायद्यान्वयें गुन्हाही आहे. आपल्याला तेथवर जाण्याचें कारण नाहीं. जुन्या इमारतींच्या भिंतींत, गच्चीच्या कठड्यांत, पन्हळींच्या सांध्यांत पिंपळ आणि वड आपोआप उगवतात. डागडुजीच्या वेळीं ते तोडून फेकण्यांतच येतात. मालकाला विचारून, थोडें मूळ राखून असा एखादा पिंपळ काढला, तर भिंतही वांचते आणि वर्षानुवर्षें उपासमारींत वळलेलें खोड फुकट मिळतें. वड-पिंपळाची जात चिवट. थोड्या मुळावरही ती पुन्हां फुटते.

घडविण्यांत लाभणारी गोष्ट कोणती? तर त्या झाडाचा स्वभाव कळतो. कोणत्या डोळ्याच्या वर कात्री लावली म्हणजे फूट कोणत्या दिशेला येते, किती मुळें कापलीं तर झाड सोसतें, तार किती आठवड्यांत रुतूं लागते, हें ज्यानें दहा रुपयांच्या रोपावर शिकून घेतलें त्याच्या हातीं दहा हजारांचें झाड सुरक्षित राहतें. उलट, ज्यानें किंमती झाडावरच पहिली कात्री चालविली, त्याच्या प्रत्येक शिक्षणाची फी त्या झाडाला द्यावी लागते. मेलेला वामनवृक्ष परत करतां येत नाहीं. घरांतल्या मुलाबाळांच्या मनावर त्याचा एकच संस्कार राहतो, तो असा कीं ही कला आपल्या घराला लाभत नाहीं. आणि ती तेथेंच संपते.

जॉन नाका या जपानी वंशाच्या अमेरिकन कलावंताचें उदाहरण येथें देण्यासारखें आहे. त्यांच्या सुप्रसिद्ध 'गोशिन' या वृक्षसमूहाचा आरंभ १९४८ च्या सुमारास दोन ज्युनिपरच्या रोपांनीं झाला. १९६४ मध्यें त्यांनीं त्याला लहानशा वनाचें रूप दिलें आणि पुढें त्यांत भर पडत अकरा नातवंडांसाठीं अकरा झाडें झालीं. १९८४ पासून तें वन वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानाच्या संग्रहांत आहे. नाका २००४ मध्यें निवर्तले. त्याच संग्रहांत एक पांढरा पाइन आहे, ज्याला वळण लावण्यास १६२५ सालीं आरंभ झाला. हिरोशिमा येथील यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेंत तो होता. १९४५ चा अणुबाँब जेथें पडला तेथून ती रोपवाटिका अवघ्या ३ किलोमीटरांच्या आसपास. तरी भिंतीच्या आडोशानें झाड वांचलें. १९७६ मध्यें मासारु यामाकी यांनीं तें अमेरिकेला भेट दिलें, आणि २००१ मध्यें त्यांचे नातू तें पाहण्यास गेले तेव्हां कोठें हा इतिहास तेथील लोकांना कळला. आज जे लोक त्याला पाणी घालतात त्यांच्यापैकीं कोणीं तें लावलें नाहीं, आणि ज्यानें लावलें त्यानें तें पूर्णावस्थेंत पाहिलें नाहीं. गोशिन स्वतः वाढविलेलें, हा पाइन दुसऱ्याकडून आलेला. परंतु दोन्ही आज जिवंत आहेत त्या अनोळखी हातांच्या रोजच्या निगराणीमुळें.

मग सामान्य गृहस्थानें करावें काय? माझें मत असें कीं, आरंभींच बियांकडेही वळूं नये आणि किंमती तयार झाडाकडेही वळूं नये. रोपवाटिकेंत जाऊन वड, उंबर, कामिनी किंवा बोगनवेल यांपैकीं आपल्या हवेंत सहज जगणारें, बुंधा थोडा जाड झालेलें साधें रोप निवडावें. शक्य तर अशीं दोनतीन घ्यावीं, कारण एखादें दगावणारच. विटांचा बारीक चुरा, खडी आणि कुजलेलें शेणखत यांचें निचरा होणारें मिश्रण करावें. पहिलें वर्ष रोप नुसतें जगवावें, दुसऱ्या वर्षीं छाटणी व तार शिकावी, तिसऱ्या वर्षीं उथळ तबकांत न्यावें. मधल्या काळांत प्रदर्शनें पाहावीं आणि जाणत्या माणसांच्या गच्चीवर जाऊन त्यांच्या हाताकडे लक्ष द्यावें. तीन वर्षांनंतर हौस टिकून असेल आणि हातांत कांहीं कसब आलें असेल, तर मग ऐपतीप्रमाणें एखादा जुना, डौलदार वामनवृक्ष खुशाल विकत घ्यावा. त्या वेळीं किंमत कशाची मोजावयाची हें ग्राहकाला कळत असेल, आणि झाडही जाणत्या हातीं पडेल. ज्याचें वय झालें आहे त्यानें तीन वर्षें थांबूं नये. दोन्ही एकदम करावें, मात्र घरांतील एखाद्या नातवाला कात्री धरण्यास आजपासूनच शिकवावें. पावसाळ्याचे दिवस छाटाला अनुकूल असतात. ज्यांना आरंभ करावयाचा आहे त्यांनीं त्यापूर्वीं कुंडी आणि माती सिद्ध करून ठेवावी.