समुद्रकाठची एक दिवसाची सहल

(गुहागर येथे प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सहलींचे दिवस तोंडावर आले आहेत आणि ‘यंदा मुलांना कोठे न्यावयाचे’ ही चर्चा शाळाशाळांतून सुरू झाली असेल. म्हणून आजच्या भाषणास हाच विषय मी मागून घेतला. सारी उमर मुलांत काढलेल्या एका निवृत्त शिक्षकाचे हे अनुभवाचे बोल आहेत. त्यांत पांडित्य नाही.

मुलांना त्यांचे आवडते प्रवासाचे ठिकाण विचारून पाहा. कोणी रायगड सांगेल, कोणी महाबळेश्वर, कोणी गणपतीपुळे. पुष्कळ मुले मुंबई सांगतील. कारण कोणाचे वडील, कोणाचा काका तेथे चाकरीस असतो. गुहागरचे नाव मात्र आपली मुले क्वचितच घेतात. पुण्या-साताऱ्याकडील मंडळी घाट उतरून येथे येतात, व्याडेश्वराचे दर्शन घेतात, सहा किलोमीटर लांबीच्या या वाळूवर दिवस घालवितात आणि समाधानाने परततात. परंतु येथून हाकेच्या अंतरावर सड्यावरच्या वाडीत राहणारे एखादे मूल चौथी पास होते, तरी त्याच्या पायाला समुद्राचे पाणी लागलेले नसते. चिपळूण येथून अवघे पंचेचाळीस किलोमीटर दूर आहे. तिकडील डोंगराळ भागातल्या मुलांची कथा तर विचारावयासच नको. म्हणून माझे पहिले सांगणे असे, की दूरच्या चार स्थळांची धावती सहल काढण्यापेक्षा जवळच्या समुद्रावर एक दिवस निवांत घालवावा. एकच स्थळ, परंतु नीट पाहिलेले.

मात्र समुद्र हा काही बागबगीचा नव्हे. त्याच्याकडे जाण्यापूर्वी शिक्षकाने स्वतः अभ्यास केला पाहिजे. तो न केल्यामुळे काय घडते, हे मी स्वतःच्या चुकीवरून शिकलो आणि ती चूक आज आपल्यापुढे कबूल करणार आहे.

या गोष्टीस आता चाळीस वर्षे होत आली. नोकरीस लागून मला दोनच वर्षे झाली होती. एकेचाळीस मुले घेऊन आम्ही दोघे शिक्षक समुद्रावर आलो. दिवस पौर्णिमेचा होता. सुट्टी सोयीची पडली, एवढाच विचार आम्ही केला होता. सकाळी दहाच्या सुमारास मुले वाळूवर उतरली आणि वाळू संपून खडक लागतात त्या टोकाला शंखशिंपले वेचू लागली. आम्ही दोघे सावलीत बसून डबे मोजत होतो. अर्ध्या-पाऊण तासाने हाक मारून मुले मोजली, ती एकोणचाळीस भरली. दोघे जण पुढच्या खडकावर होते. त्यांच्या आणि वाळूच्या मध्ये, मघाशी कोरडी असलेली जागा आता कमरेइतक्या पाण्याखाली गेली होती. जाळी सुकवीत असलेला एक वयस्क खारवी धावला आणि एकेकास खांद्यावर घेऊन त्याने दोन्ही मुले आणून दिली. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, “गुरुजी, पोरं आणण्याआधी तिथ पाहिलीत काय?”

बंधुभगिनींनो, शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत मला न भेटलेला प्रश्न त्या माणसाने मला विचारला. तेव्हापासून समुद्राच्या सहलीची तयारी मी पंचांगापासून करू लागलो.

किनाऱ्यावरील लोकांचा जुना हिशेब असा आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ निघते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, पौर्णिमेस व अमावास्येस बाराच्या आत-बाहेर. दिवसातून दोनदा भरती येते, म्हणून ही वेळ दिवसाची तशीच रात्रीचीही समजावी. आणि दोन भरत्यांच्या साधारण मध्यावर ओहोटी पूर्ण होते. हा हिशेब ढोबळ आहे. तो तास-अर्धा तास चुकतो, स्थळपरत्वे थोडा बदलतो; म्हणून आदल्या दिवशी तेथील मच्छीमारांस विचारून घ्यावेच. पण त्यावरून एवढे निश्चित कळते, की पौर्णिमा-अमावास्येस उधाण असते आणि नेमके भर दुपारी, मुले खेळत असता, पाणी चढते. उलट सप्तमी, अष्टमी, नवमी या तिथींस भांगाचे पाणी असते. चढउतार कमी असतो आणि दुपारच्या सुमारास ओहोटी पूर्ण होऊन पाहण्याजोगी ओली वाळू उघडी पडते. सहलीची तारीख या तिथींतून निवडावी. पाचवी-सहावीच्या मुलांकडूनच हा हिशेब करवून घ्यावा. पाऊणकीचा पाढा इतक्या आवडीने म्हटला गेल्याचे मी अन्यत्र पाहिलेले नाही.

तथापि तिथी पाहिली म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे कोणी समजू नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी दहाहून अधिक मुलेमुली बुडाली. त्या दिवशी चंद्र अर्धा होता, म्हणजे उधाण नव्हते. आणि ती मुले आपल्या मुलांहून कितीतरी मोठी होती. पंचांग आपणांस वेळ सांगते, राखण करीत नाही. म्हणून काही नियम मी कधी मोडले नाहीत. दहा मुलांमागे एक मोठे माणूस. ते न जमल्यास सहल नाही. पाण्यात घोट्यापर्यंतच जावयाचे, आणि तेही शिक्षक समुद्राकडच्या बाजूस उभा असताना. ओहोटीचे पाणी बाहेर ओढते, हे मुलांस आधीच सांगावे. खडकांवर पालकांपैकी जाणता माणूस असल्याखेरीज कोणास सोडू नये. दर अर्ध्या तासाने शिट्टी, आणि शिट्टीसरशी जोडीदाराचा हात धरून मोजणी. मुले कंटाळतात, हे खरे. पण परत नेताना संख्या पुरी भरली, यापरते दुसरे समाधान नाही.

आता पाहावयाचे काय, ते सांगतो.

निघण्यापूर्वी वर्गात एक प्रश्न टाकावा: आपल्या शाळेमागच्या पऱ्ह्याचे पाणी जाते कोठे? चिपळूणकडील बहुतेक पऱ्हे वाशिष्ठीस मिळतात आणि ते पाणी दाभोळच्या खाडीतून अंजनवेलपाशी समुद्रात पडते; दक्षिणेकडील काही गावांचे पाणी शास्त्री नदीतून जयगडच्या खाडीत उतरते. मुलांनी तो मार्ग नकाशावर बोटाने काढला, म्हणजे समुद्र त्यांना परका राहत नाही.

समुद्रावर एक बाटली खारे पाणी भरून घ्यावे. शाळेत परतल्यावर त्यातील एक लिटर पसरट थाळ्यांतून उन्हात आटवावे. सुमारे ३५ ग्रॅम क्षार खाली उरतात. शेजारच्या थाळ्यात पऱ्ह्याचे पाणी आटवावे आणि दोन्ही थाळे मुलांना हाताळू द्यावे.

क्षितिज किती दूर आहे, असे विचारावे. मुले शंभर, पाचशे किलोमीटर सांगतात. वाळूवर उभ्या असलेल्या मुलाच्या डोळ्यांस दिसणारी ती रेषा वास्तविक चार किलोमीटरांच्या आसपास असते, म्हणजे पुष्कळदा शेजारच्या गावाइतकीच. दूर जाणाऱ्या गलबताचा तळ आधी दिसेनासा होतो आणि वरचा भाग मागून, हे दिसले तर पृथ्वीच्या गोलाईवर निराळे व्याख्यान देण्याची गरज उरत नाही.

आणि कासवांविषयी सांगावे. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात रात्री या वाळूवर येऊन खड्ड्यात शंभरएक अंडी घालतात. वनखाते ती जाळीच्या कुंपणात सुरक्षित ठेवते आणि पिल्ले बाहेर पडली म्हणजे समुद्रात सोडते. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर जिच्या अंगावर क्रमांकाची खूण बसविली होती, ती एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूवर अंडी घालताना आढळली. भारताचा नकाशा उघडून पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंतचा तो जलमार्ग मुलांना काढू द्यावा. जेथे अशी पाहुणी येते, तेथे प्लास्टिकची पिशवी टाकावी की उचलावी, हे मग मुलांना शिकवावे लागत नाही.

शेवटी सहलीनंतरच्या निबंधाविषयी. एका वर्षी परतल्यावर मी मुलांना ‘समुद्रकाठची सहल’ हा निबंध लिहावयास दिला. बत्तीस वह्या आल्या. त्यांतील जवळजवळ प्रत्येक वहीत निळाशार सागर होता, लाटांचे संगीत होते, आणि सूर्यनारायण लाल गोळ्यासारखा पाण्यात बुडत होता. आमची गाडी तर दुपारी साडेतीनलाच परत फिरली होती! मुलांनी समुद्र पाहिला खरा, पण लिहिला तो मार्गदर्शक पुस्तकातला. दोष मुलांचा नव्हता. असाच निबंध आम्ही त्यांस दरवर्षी फळ्यावर उतरवून देत आलो होतो.

एका मुलीची वही मात्र वेगळी होती. तिचे अक्षर वाईट, शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ. तिने लिहिले होते, की ओठ चाटले तर ते खारट लागत होते. आणि ओल्या वाळूवर पाय ठेवला की पायाभोवतीची वाळू एकदम कोरडी होते, पाय उचलला की तेथे पाणी साचते, असे का? मला उत्तर ठाऊक नव्हते. इतकी वर्षे त्या वाळूवर चालूनही मी ते कधी पाहिलेच नव्हते. तिला तसे सांगितले आणि शोधू लागलो. पुढे कळले, की या कोड्याचा उलगडा मँचेस्टर येथील प्राध्यापक ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ साली केला होता. ओल्या वाळूचे कण एकमेकांत घट्ट बसलेले असतात. पायाचा दाब पडला की ते एकमेकांवर चढतात, त्यांच्यामधील पोकळी वाढते आणि पृष्ठावरचे पाणी त्या पोकळीत उतरते. म्हणून वाळू कोरडी दिसते. एका मोठ्या शास्त्रज्ञास पडलेला प्रश्न सड्यावरच्या एका शाळेतील मुलीस पडला, आणि मी मात्र शुद्धलेखनाचे गुण कापण्यास लाल पेन्सिल हाती घेऊन बसलो होतो. ती पेन्सिल मी खाली ठेवली.

तेव्हापासून सहलीच्या निबंधास मी एकच अट घालतो: जे तुझ्या डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले, जिभेला लागले तेवढेच लिही, आणि न कळलेला एक प्रश्न शेवटी लिही. निबंध आखूड होतात. परंतु ते मुलांचे असतात.

गुहागरच्या उफराट्या गणपतीची कथा आपण सर्व जाणता. समुद्र गावावर चाल करून येऊ लागला, तेव्हा पूर्वाभिमुख असलेला देव वळून पश्चिमेकडे, समुद्राकडे तोंड करून बसला, असे लोक सांगतात. मला त्या कथेत शिक्षकासाठी एक बोध दिसतो. मुले वाळूत रमली असता आपण कोणत्या दिशेस तोंड करून उभे राहावे, हे ती कथा सांगते. मुलांचे तोंड कोठेही असो. आपले समुद्राकडे असावे.

यंदाच्या सहलीची तारीख ठरविण्यापूर्वी आपण तिथ पाहाल, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.