शिवी आणि टोमणा
(मारुंजी, ता. मुळशी येथील भाषण)



आज मी शिव्यांवर बोलणार आहें. हंसूं नका! बैल अडला कीं शिवी, शेजाऱ्यानें बांध कोरला कीं शिवी. पण आईबहीण किंवा जात काढण्यांत अक्कल ती कसली? तेवढें रिकाम्या डोक्यालाही जमतें.

आतां आपल्या आज्यांचें बोलणें पहा. थोडक्यांत फुगलेल्याला त्या ‘अर्ध्या हळकुंडानें पिवळा’ म्हणत. मूर्खपणाचा सल्ला देणाऱ्याला ‘उंटावरचा शहाणा’. घाव बसतो तो करणीवर, जन्मावर नव्हे.

साताऱ्याकडे खंडाळा तालुक्यांत सुखेड व बोरी हीं गांवें आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीं दोन्हीकडच्या बाया ओढ्याच्या दोन कांठांवर उभ्या राहून, हातवारे करीत एकमेकींना शिव्या घालतात. त्याला बोरीचा बार म्हणतात. तेथें शिवीलाही दिवस नेमलेला आहे. आपण मात्र ती बारमाही पेरतों!

या कलेचा खरा उपयोग जोतीराव फुल्यांनीं दाखविला. त्यांच्या १८५५ सालच्या ‘तृतीय रत्न’ नाटकांत जोशी एका गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीति घालून लुबाडतो, आणि विदूषक त्याचें पितळ उघडें पाडतो. पण नाटक थट्टेवर संपत नाहीं. तें जोडपें अखेर रात्रीच्या शाळेंत शिकावयास निघतें. पुढें सत्यशोधक जलशांनीं भटजी-सावकारांचीं सोंगें काढून हीच रीत गांवोगांव नेली.

तेव्हां टोमणा मारावा तो वरचढाला. दुबळ्याला मारलेला टोमणा म्हणजे पडल्या बैलाला पराणी. दलित-आदिवासी बांधवाचा जातीवरून चारचौघांत पाणउतारा करणें तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानें गुन्हाच आहे.

शेजारीं हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या, जमिनीला भाव आला, आणि बांधावर भावाभावांचीं तोंडें सुटूं लागलीं. अहो, ज्याला आज शिवी हांसडतां, त्याचेंही नांव सातबारावर आहे! उद्यां त्याच्याच सहीसाठीं दार ठोठवाल. शिवी शिल्लक ठेवा. टोमणा दलालासाठीं राखा. तो गोड बोलून कागद पुढें करील, तेव्हां इतकेंच विचारा, “पाव्हणं, सौदा एवढा आमच्या भल्याचा, मग कागद आमच्या पोरीला वाचूं द्यायला कां घाबरतां?”

हा टोमणा मारतां यावा म्हणून आधीं पोरीला शिकवा.