नदीचे पाणी आणि जलपिसूची साक्ष

(संघाच्या वार्षिक संमेलनात गंगाखेड येथे दिलेले व्याख्यान)



संत जनाबाईंच्या या जन्मगावी, गोदावरीच्या तीरावर, चार शब्द बोलण्याचा योग आपण आणून दिलात याबद्दल मी आपला ऋणी आहे. विषय काहीसा अपरिचित आहे; परंतु ज्या पाण्यात आपण पर्वकाळी स्नान करतो त्या पाण्याशीच त्याचा संबंध असल्यामुळे तो मांडण्यास मला संकोच वाटत नाही.

पाणी दूषित झाले हे आपण केव्हा ओळखतो? त्याला दुर्गंधी सुटली, फेस आला, किंवा मासे मरून काठाला लागले म्हणजे. यांतील शेवटची खूण तर फारच उशिरा मिळते. माशांच्या पिलांचे जे खाद्य, त्या सूक्ष्म जीवांना पुष्कळदा त्यापूर्वीच पीडा झालेली असते. अशा जीवांपैकी एक म्हणजे जलपिसू. शास्त्रज्ञ तिला डॅफ्निया म्हणतात. नावात पिसू असली तरी ती कोणाला चावत नाही. ती खेकडा व झिंगा यांच्या गोतातील आहे. लांबी दोनचार मिलिमीटर, आणि अंग असे पारदर्शक, की सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत प्राण्याच्या हृदयाची धडधड उघड दिसते. अनुकूल काळात मादी नरावाचून आपल्यासारख्याच माद्यांना जन्म देते. त्यामुळे प्रयोगशाळेला एकाच वंशाच्या शेकडो भगिनी मिळतात. एकीला शुद्ध पाण्यात व दुसरीला विषारी पाण्यात ठेवले असता जो फरक दिसेल तो वंशभेदाचा नव्हे, हे निश्चित.

जुनी कसोटी अशी : चोवीस तासांहून लहान पिले त्या पाण्यात सोडावयाची आणि 48 तासांनी किती निश्चल झाली ते मोजावयाचे. कसोटी उपयुक्त आहे व आजही जगभर चालते. तथापि तिचा प्रश्न एकच, जीव हालतो की नाही? हालणारा प्रत्येक जीव निरोगी मानला, तर आपल्यापैकी निम्म्या मंडळींना वैद्याची गरजच उरणार नाही!

येथे मेटाबोलोमिक्स हे नवे शास्त्र पुढे येते. जनाबाईंच्या गावी जात्याचा दृष्टांत देण्यास हरकत नसावी. जात्याच्या आत काय घडते ते दिसत नाही. पण पीठ भरड पडू लागले की पाळी टाकी लावण्यास आली हे गृहिणी ओळखते. शरीरातही अखंड दळण चालू असते. अन्न मोडून साखर, अमिनो आम्ले, स्निग्ध द्रव्ये असे हजारो लहान रेणू निर्माण होतात व खर्ची पडतात. या सर्वांची एकदम मोजदाद करून शरीराची अवस्था ओळखणे, हे या शास्त्राचे काम. जलपिसू द्रवरूप नायट्रोजनमध्ये क्षणात गोठवितात, म्हणजे दळण त्या क्षणी थांबते. मग मिथेनॉलसारख्या द्रावकाने रेणू वेगळे काढून वस्तुमान वर्णपटमापक यंत्रात त्यांचे वजन करतात.

इंग्लंडातील बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार बोधक वाटतो. त्यांनी जलपिसूंना चार निरनिराळी द्रव्ये दिली. कॅडमियम हा विद्युत्घटांत वापरला जाणारा धातू. फेनव्हॅलरेट हे आपल्याकडे कापसाच्या बोंडअळीवर फवारले गेलेले औषध; ते मज्जातंतूंची द्वारे उघडी धरून ठेवते. प्रोप्रॅनोलॉल ही रक्तदाबाची गोळी, आपल्या घरांतील कित्येक वृद्धांच्या परिचयाची. ती हृदयाची गती मंद करते. चौथे डायनायट्रोफिनॉल. हे पेशींतील शक्तीची उष्णता करून ती वाया घालविते, आणि म्हणूनच 1930 नंतरच्या दशकात अमेरिकेत ते वजन घटविण्यासाठी विकले जाई. त्यापायी काहींचे प्राणही गेले! या चारही द्रव्यांनी रेणूंच्या जमाखर्चावर निरनिराळ्या खुणा उमटविल्या, व त्या खुणांवरून विषे एकमेकांपासून ओळखता आली. जुनी कसोटी पीडा किती एवढेच सांगत होती. ही पीडा कोणत्या जातीची तेही सांगू लागली.

अर्थात् नदी म्हणजे प्रयोगशाळेतील पेला नव्हे. नाशिकपासून इथपर्यंत गावोगावचे सांडपाणी, साबण, शेतांतील फवारे, गिळलेल्या औषधांचा अंश, सर्व एकत्र मिसळते. आणि उन्हाळ्यात प्रवाह क्षीण झाला की ते सौम्य करावयास पाणीही उरत नाही. शिवाय उपासमार, उष्मा व वय यांनीही रेणूंचा हिशेब बदलतो. आणखी एक अडचण आहे. या प्रयोगांत बहुधा वापरली जाणारी डॅफ्निया मॅग्ना ही मुख्यतः समशीतोष्ण प्रदेशातील. आपल्या उष्ण पाण्यात मोइना, सेरिओडॅफ्निया ही तिची लहान नातलग मंडळी अधिक. तेव्हा परदेशी कोष्टके जशीच्या तशी उचलून चालणार नाही. हे काम आपल्याच पाण्यावर, आपल्याच जीवांवर व्हावयास हवे.

त्यासाठी लागणारी मोठी यंत्रे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आहेत. परभणीचे कृषि विद्यापीठही 1972 पासून आपल्या शेजारी आहे. परंतु यंत्रापर्यंत जाण्यापूर्वी कोणत्या डोहात कोणते जीव आहेत, कोठे ते दिसेनासे झाले, याची नोंद कोणीतरी ठेविली पाहिजे. ते काम शाळेतील मुलेमुली करू शकतात. पावसाळा ओसरून पाणी निवळले की बारीक कापडाने डोहातील पाणी गाळावे, आणि गाळ बशीत घेऊन पाहावा.

आपल्या संघाची शिष्यवृत्ती आजवर बहुतांशी भावी डॉक्टर व इंजिनियर यांनाच मिळत आली आहे, ते योग्यच आहे. येत्या वर्षी तीतून रसायन किंवा प्राणिशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीचा अथवा मुलाचा विचार व्हावा, आणि येथील शाळेला एक साधा सूक्ष्मदर्शक द्यावा, अशी माझी कार्यकारी मंडळास विनंती आहे. त्याची किंमत आपल्या लग्नकार्यातील एका पंक्तीच्या मिष्टान्नाहून अधिक पडणार नाही.