पडताळणी भाडेकरूची होते. घराची केव्हा होणार?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शहरात भाड्याने घर घेणाऱ्या माणसाची आज कसून पडताळणी होते. त्याचे छायाचित्र, आधार कार्ड, कायमचा पत्ता, नोकरीचे ठिकाण आणि त्याला ओळखणाऱ्यांची नावे एवढा सगळा तपशील पोलीस ठाण्याकडे जातो. मुंबईसारख्या शहरात ही माहिती न देणाऱ्या घरमालकावर पोलीस आयुक्तांच्या आदेशाचा भंग केल्याबद्दल गुन्हा दाखल होऊ शकतो. शिवाय सोसायटीचे पदाधिकारी त्याची वेगळी मुलाखत घेतात. त्याची जात, त्याचा धर्म, त्याचा आहार, तो विवाहित की अविवाहित, याचीही उघड वा आडून चौकशी होते. माणूस विश्वासार्ह आहे की नाही हे ठरविण्यासाठी समाजाने एवढी यंत्रणा उभी केली आहे. परंतु ज्या घरात तो माणूस कुटुंबासह रात्री झोपणार आहे, ते घर विश्वासार्ह आहे काय, याची पडताळणी कोण करतो? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'कोणीही नाही' असेच द्यावे लागते.

हा प्रश्न किती गंभीर आहे हे समजण्यासाठी अलीकडच्या काही घटना आठवून पाहाव्यात. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शीळ फाटा येथे अनधिकृतपणे उभारली जात असलेली इमारत कोसळली आणि ७४ माणसे मृत्युमुखी पडली. वरचे मजले चढत असतानाच खालच्या मजल्यांवर कुटुंबे राहावयास आली होती. त्याच वर्षी २७ सप्टेंबर रोजी माझगावला डॉकयार्ड रोड येथील बाबू गेनू मंडईजवळची इमारत पडून ६१ जणांचा अंत झाला. ही इमारत महापालिकेच्या मालकीची होती आणि तीत महापालिकेच्याच कर्मचाऱ्यांची कुटुंबे राहत होती. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर येथे चार मजली इमारत कोसळून १७ जण दगावले. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांत खांबांना धक्का लावला गेला, असे रहिवाशांचे म्हणणे होते. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस विरार येथे एका अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ माणसे मरण पावली. त्या इमारतीला पुरती पंधरा वर्षेही झालेली नव्हती.

या चार घटनांमधून घर शोधणाऱ्याने काही धडे घेतले पाहिजेत. इमारत नवी आहे म्हणून ती भक्कम असते असे नाही. ती सार्वजनिक मालकीची आहे म्हणून तिची निगा राखली जाते असेही नाही. समाजवादी विचाराच्या माणसांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. स्वतःच्या खोलीत एक खिळाही न ठोकणाऱ्या भाडेकरूचा जीव तळमजल्यावरच्या दुसऱ्याच कोणाच्या हव्यासामुळे जाऊ शकतो. आणि खोलीचा रंग, नळाचे पाणी व खिडकीतून येणारा वारा पाहून या धोक्यांपैकी एकही कोणाला कळला नसता. घर पाहणारा माणूस खोली पाहतो. धोका बहुतेक वेळा इमारतीत असतो.

असे का घडते, याचे उत्तर अर्थशास्त्रात सापडते. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक साधी गोष्ट दाखवून दिली. विकणाऱ्याला वस्तूचे दोष ठाऊक आहेत आणि घेणाऱ्याला ते ठाऊक नाहीत, अशी स्थिती असेल, तर चांगला माल बाजारातून हळूहळू हटतो आणि वाईट माल टिकून राहतो. या विवेचनाचा मोठा वाटा असलेल्या कार्यासाठी त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. भाड्याच्या घरांना हा नियम तंतोतंत लागू पडतो. ज्या मालकाने खांबांच्या दुरुस्तीवर पैसा खर्च केला, त्याला त्याचे जादा भाडे मिळत नाही, कारण भाडेकरूला ती दुरुस्ती दिसतच नाही. ज्याने भेगांवर लांबी भरून वर रंगाचा हात फिरवला, त्याची खोली मात्र चटकन उठते. म्हणजे हा बाजार दुरुस्तीपेक्षा रंगाला अधिक मोल देतो. दलाल घर दाखवितो तो वेळ दहा मिनिटांचा. अनामत रक्कम गुंतते ती मात्र कैक महिन्यांच्या कमाईची.

म्हणून पहिला नियम असा की इमारत आधी पाहावी आणि खोली नंतर. पाहणी एकदा दिवसाउजेडी करावी आणि एकदा रात्री. सुरुवात तळमजल्यापासून व्हावी. खांबांवर आणि तुळयांवर उभ्या किंवा तिरप्या रुंद भेगा आहेत काय, सिमेंटचे पोपडे सुटून आतली सळई उघडी पडली आहे काय, तांबूस गंजाचे ओघळ दिसतात काय, हे पाहावे. समुद्राच्या खाऱ्या हवेत सळई लवकर गंजते. गंजलेली सळई फुगते आणि भोवतीचे काँक्रीट आतून फोडते. गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक भेगांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु खांबावर सळईच्या रेषेत गेलेली भेग हे गंभीर लक्षण होय. तळमजल्यावर दुकान, दवाखाना वा गोदाम असेल, तर तेथे भिंती काढून जागा मोठी केली आहे काय, हे विचारावे. शौचालयांच्या नळ्यांची सततची गळती, भिंतीत रुजलेला पिंपळ, एकाएकी घट्ट बसू लागलेली दारे-खिडक्या आणि छताला आलेला झोल यांचीही नोंद घ्यावी.

त्यानंतर जिना पाहावा. अनेक इमारतींत विजेच्या मीटरांची पेटी जिन्याखाली असते आणि तिच्या पुढ्यातच स्कूटरी उभ्या केलेल्या असतात. ६ ऑक्टोबर २०२३ रोजी गोरेगाव येथील एका इमारतीत पहाटे तळाशी उभ्या असलेल्या वाहनांच्या जागेत आग लागली, धूर वर चढला आणि झोपेतली माणसे दगावली. आगीत अनेकदा ज्वाळेच्या आधी धूर मारतो, आणि धुराचा मार्ग म्हणजे जिना. म्हणून जिना मोकळा आहे काय, गच्चीचे दार आतून उघडते की त्याला कायमचे कुलूप आहे, लाल नळात पाणी आहे की तो शोभेचा आहे, हे विचारणे म्हणजे अतिचौकसपणा नव्हे.

खोलीत शिरल्यावर मुख्य विद्युत पेटी उघडावी. गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण तेथे बसविलेले असेल, तर त्यावरची चाचणीची कळ दाबून ते खरोखर तुटते काय ते पाहावे. गॅसची नळी जीर्ण झाली असेल, तर ती बदलून घ्यावी. बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर बसविलेला असेल, तर तो बाहेर काढण्याची अट घालावी. अशा जागेत साठणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि माणूस कोसळेपर्यंत त्याला काही कळत नाही.

येथे चोरीच्या भयाचा प्रश्न उपस्थित होतो. घर पाहताना बहुतेक लोक सुरक्षितता म्हणजे चोरापासून संरक्षण एवढाच अर्थ घेतात. म्हणून खिडक्यांना भक्कम लोखंडी जाळ्या असल्या की त्यांचे समाधान होते. परंतु जी जाळी चोराला आत येऊ देत नाही, तीच आगीच्या वेळी घरातल्यांना बाहेर पडू देत नाही. निदान एका खिडकीच्या जाळीला आतून उघडणारी झडप असली पाहिजे आणि तिची किल्ली घरातल्या पोराटोरांनाही सापडेल अशा ठिकाणी असली पाहिजे. दाराचे कुलूप मात्र पहिल्याच दिवशी बदलावे. आधीच्या किती भाडेकरूंपाशी जुन्या किल्ल्या राहिल्या असतील, हे मालकालाही सांगता येत नाही. रात्रपाळी करून परतणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने स्थानकापासून दारापर्यंतचा रस्ता आणि जिन्यातला दिवा ही घराचीच अंगे होत. यासंबंधीची खरी माहिती दलालाकडून मिळत नाही. ती शेजारच्या गृहिणीकडून, रात्रीच्या वॉचमनकडून आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून मिळते.

आता कागदपत्रांकडे वळावयास हवे. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे काय, हा पहिला प्रश्न. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे मुंबईत महापालिका कायद्याने बंधनकारक आहे. तो अहवाल पाहावयास मागावा. महापालिका पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करते. तिच्या वर्गवारीत 'सी-१' म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी इमारत, 'सी-२ए' म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करण्याजोगी, 'सी-२बी' म्हणजे न हलविता दुरुस्त करता येण्याजोगी आणि 'सी-३' म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. उपकरप्राप्त जुन्या चाळींची पाहणी म्हाडाचे दुरुस्ती मंडळ करते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार, ज्या इमारतींना तो लागू आहे त्यांनी अग्निशमन व्यवस्था चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैमध्ये सादर करावयाचे असते.

भाडेकरूचा स्वतःचा कागद म्हणजे करार. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा 'लीव्ह अँड लायसन्स'चा करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ही तरतूद किती भाडेकरूंना ठाऊक आहे? दुरुस्ती कोणी व किती दिवसांत करावयाची, हे त्या करारात लिहून घेतले पाहिजे.

एवढी सावधगिरी सांगितल्यानंतर तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. अन्यथा हे सारे केवळ सुखवस्तूंना केलेला उपदेश ठरेल. मराठवाड्यातून आलेला एखादा मजूर किंवा कारखान्यात कंत्राटावर लागलेली तरुणी जेव्हा खोली पाहते, तेव्हा खांबावरची भेग त्यांना दिसत नाही असे नव्हे. ती दिसते; पण भाड्याचा आकडाही दिसतो. त्यांच्या मिळकतीत बसणारी खोली भेगेसह येते. ज्याला निवड नाही, त्याला नुसती माहिती देऊन भागत नाही.

याहून विदारक गोष्ट अशी की जुन्या इमारतींतले रहिवासी स्वतःच धोका झाकून ठेवतात. इमारत 'सी-१' ठरली की घर रिकामे करावे लागते; मग संक्रमण शिबिर, आणि तेथून परत कधी येणार याचा भरवसा नाही. मालक आणि विकासक यांना हवे असलेले निष्कासन धोक्याच्या शिक्क्याने साधले जाईल, अशीही त्यांची शंका असते, आणि ती नेहमीच निराधार नसते. म्हणून माणसे भेगेवर दिनदर्शिका टांगतात आणि तिच्याखाली झोपतात. निवाऱ्याची शाश्वती नसेल, तर माणूस सुरक्षिततेचा प्रश्न विचारण्याचे धैर्यच गमावतो, हे येथे स्पष्ट होते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की मालकांवर आणखी बंधने लादली, तर ते घरे भाड्याने देणेच बंद करतील. हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली; त्याने लाखो भाडेकरूंना आधार दिला, परंतु मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरवली आणि १९६९ साली सरकारला कायदा करून दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले. तो अनुभव विसरून चालणार नाही. परंतु येथे भाडे बांधून देण्याची मागणी नाही. जे ठाऊक आहे ते सांगावे एवढीच मागणी आहे. प्रामाणिक मालकाचा यात तोटा नसून लाभच आहे, कारण त्याने केलेल्या दुरुस्तीला त्यामुळे किंमत येईल.

म्हणून तीन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. पहिली: प्रत्येक इमारतीच्या प्रवेशद्वारावर बांधकामाचे वर्ष, भोगवटा प्रमाणपत्राचा क्रमांक, शेवटच्या संरचनात्मक तपासणीची तारीख व वर्गवारी, अग्निशमन प्रमाणपत्राची आणि लिफ्टच्या परवान्याची तारीख यांचा फलक मराठीत असावा, आणि भाडेकराराच्या नोंदणीच्या वेळी हीच माहिती जोडणे बंधनकारक व्हावे. दुसरी: इमारत धोकादायक ठरविणाऱ्या नोटिशीसोबतच प्रत्येक रहिवाशाच्या, भाडेकरूच्यासुद्धा, हक्काची लेखी नोंद आणि पर्यायी निवाऱ्याची हमी त्याच्या हाती पडावी. तिसरी गोष्ट मात्र कोणत्याही सरकारची वाट न पाहता करता येण्याजोगी आहे. प्रत्येक शाखेने आपल्या विभागात घरपाहणीचे काम हाती घ्यावे. एक नोंदवही, एक विजेरी, महापालिकेची अद्ययावत यादी आणि महिन्यातून एक रविवार देणारा एखादा सहानुभूतीदार अभियंता एवढ्या साधनांवर ते सुरू होऊ शकते. नव्याने शहरात येणाऱ्याला करार करण्यापूर्वी सोबत जाऊन घर पाहून देणारे कोणीतरी आहे, हे वस्तीत माहीत झाले पाहिजे.

राजकीय कार्यकर्ते इमारत कोसळल्यानंतर तेथे पोहोचतात. ढिगारा उपसतात, रक्त देतात, मदतीच्या रकमेसाठी मोर्चे काढतात. ते केलेच पाहिजे. परंतु तोच कार्यकर्ता वर्षभर आधी, अनामत रक्कम मोजली जाण्यापूर्वी, विजेरी घेऊन त्या जिन्याखाली उभा राहिला असता, तर त्यातले कितीतरी काम करण्याची वेळच आली नसती. पुढचा पावसाळा येण्यापूर्वी प्रत्येक शाखेने निदान आपल्या रस्त्यावरच्या इमारतींची नोंद पुरी करावी.