परप्रांतातील शिक्षण : खर्चाचा हिशेब आणि गुणवत्तेची शिष्यवृत्ती
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत एकच विषय निघतो. मुलाला वा मुलीला आता कोठे पाठवावे? पूर्वी हा प्रश्न बहुधा पुणे की मुंबई एवढ्यावर मिटत असे. आता वेल्लोर, मणिपाल, वरंगळ, तिरुचिरापल्ली, दिल्ली ही नावेही आपल्या माजघरात ऐकू येतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु या नावांबरोबर कित्येक घरी एक पत्रही येते. आपल्या पाल्याची गुणवत्ता लक्षात घेऊन शुल्कात अमुक टक्के सूट मंजूर केली आहे, असा त्यातील मजकूर असतो. ते पत्र वाचून आईबापांचा ऊर भरून येतो आणि हिशेब मागे पडतो. म्हणून कौतुकाचे काम इतर वक्त्यांवर सोपवून आम्ही आज हिशेबाविषयी चार शब्द बोलणार आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. परप्रांतातील शिक्षण म्हणजे महागडे शिक्षण, असे सरसकट म्हणता येत नाही. शुल्क कोण ठरवितो, यावर सारे अवलंबून असते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत निम्म्या जागा त्या त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी राखीव असतात. परंतु शिकविण्याचे शुल्क घरच्या आणि परक्या विद्यार्थ्याला एकच, म्हणजे वर्षाला १,२५,००० रुपये आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर ते पूर्ण माफ होते. एक ते पाच लाखांच्या दरम्यान असेल तर दोन-तृतीयांश माफ होते. याउलट खासगी व अभिमत विद्यापीठांचे शुल्क सामान्यतः याहून पुष्कळ अधिक असते. वेल्लोरच्या संस्थेत तर प्रवेशपरीक्षेतील क्रमांकाप्रमाणे शुल्काच्या पाच पायऱ्या आहेत. क्रमांक जसजसा खाली जाईल तसतसे शुल्क वाढते. म्हणजे तेथे गुणवत्तेचे मोल पहिल्या दिवशीच रुपयांत मांडले जाते.

दुसरी गोष्ट, राज्याची सीमा ओलांडताना आपण काय मागे ठेवतो, याचाही विचार व्हावा. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेखाली, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या वर्गातील कुटुंबांच्या मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे निम्मे शुल्क सरकारकडून मिळते. २०२४ सालापासून याच उत्पन्नमर्यादेतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. परंतु या सवलती महाराष्ट्रातील महाविद्यालयांत, केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून गेलेल्यांसाठी आहेत. त्या परप्रांतात आपल्या मागोमाग येत नाहीत.

आता कल्पित आकडे घेऊन एक हिशेब मांडू. समजा, परप्रांतातील एका खासगी विद्यापीठाचे वार्षिक शुल्क चार लाख आहे आणि पत्रात निम्मी सूट लिहिली आहे. वसतिगृह व भोजन दीड लाख, प्रवासादी खर्च तीस हजार. सूट चारही वर्षे टिकली तर एकूण खर्च १५ लाख २० हजार होतो. ती पहिल्या वर्षानंतर बंद पडली तर तोच खर्च २१ लाख २० हजारांवर जातो. उलट आपल्याच विभागातील महाविद्यालयाचे शुल्क १ लाख ६० हजार धरले, त्यात सरकारची निम्मी सवलत मिळाली आणि राहण्या-जेवणाला वर्षाला एक लाख लागले, तर चार वर्षांचे मिळून ७ लाख २० हजार होतात. आणि पाच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरचा मुलगा वरंगळच्या राष्ट्रीय संस्थेत गेला, तर दोन-तृतीयांश माफीनंतर शिकविण्याचे शुल्क चार वर्षांत सुमारे १ लाख ६७ हजार, राहणे-जेवणे चार लाख आणि प्रवास १ लाख २० हजार, म्हणजे एकूण सातच्या आतबाहेर! इतर किरकोळ शुल्के वेगळी धरली तरी हा आकडा घरच्या खर्चाच्या जवळपासच राहतो. तात्पर्य, सवलतीची टक्केवारी पाहू नये. चार वर्षांची बेरीज पाहावी.

वरच्या उदाहरणात सहा लाखांचा फरक एका अटीवर लोंबकळत आहे. ती अट पत्राच्या शेवटी बारीक अक्षरांत असते : दरवर्षी श्रेणीगुणांची अमुक सरासरी राखली तरच सूट पुढे चालू राहील. नव्या गावी, परक्या भाषेत, पहिल्या वर्षी हुशार मुलांचेही गुण घसरतात. शिष्यवृत्तीची मुदत किती महत्त्वाची असते याचा दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातच आहे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडनला आले. परंतु १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. तो पुरा करण्यास ते १९२० साली पुन्हा गेले. एवढ्या असामान्य बुद्धीच्या विद्यार्थ्यालाही मुदतीने अडविले, तेथे आपण पत्रातील मुदत न वाचता मुलाला गाडीत बसवावे काय?

काही शिष्यवृत्त्या मात्र देशभर विद्यार्थ्याबरोबर जातात. परीक्षामंडळाच्या यादीत ऐंशीव्या शततमकाच्या वर असलेल्या आणि साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलांना केंद्राकडून पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरसाल १२,००० रुपये मिळू शकतात. दरवर्षी पन्नास टक्के गुण आणि पंचाहत्तर टक्के उपस्थिती लागते. मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठी 'इन्स्पायर' शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांची आहे. बारावीत आपल्या परीक्षामंडळाच्या वरच्या एक टक्क्यात आलेले तिला पात्र ठरू शकतात. आपल्यापैकी किती घरांत या दोहोंचे अर्ज भरले गेले, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी तपासावे.

भगिनींनो, एक गोष्ट स्पष्ट बोलतो. मुलाच्या बाबतीत कर्ज काढून परप्रांत आणि मुलीच्या बाबतीत 'खर्च फार होतो', असा दुहेरी हिशेब आपल्यात चालतो. घरच्या राज्यात मुलीचे शुल्क माफ होते, ही सोय उत्तम आहे. परंतु राष्ट्रीय संस्थेत स्वतःच्या गुणांवर जागा मिळविलेल्या मुलीला ती सोय दाखवून घरी बसवू नये. एकच हिशेब दोघांना लावावा.

शेवटी मंडळाच्या कर्तव्याविषयी. १९०१ पासून कोल्हापुरात शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. परगावी निवाऱ्यावाचून शिक्षण थांबते, हे त्यांनी ओळखले होते. आपले मंडळ वसतिगृह बांधू शकणार नाही. पण तीन कामे करू शकेल. एक, गुणगौरवाच्या रकमेचा काही भाग पहिल्या वर्षी न देता, ज्यांची सूट दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बंद पडते त्यांच्यासाठी राखून ठेवावा. दोन, परप्रांतातील शहरांत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांची, त्यांच्या संमतीने, यादी करावी. नवख्या मुलाला पहिले आठ दिवस तरी आधार मिळेल. तीन, दरसाल मे-जून महिन्यांत दोन जाणत्या सभासदांनी कार्यालयात बसावे आणि कोणाही पालकाने आणलेले सवलतीचे पत्र त्याच्यासमोर वाचून चार वर्षांची बेरीज कागदावर मांडून द्यावी.

या तीन सूचना कार्यकारिणीने याच वर्षी विचारार्थ घ्याव्यात, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.