‘आलोच’चे इंग्रजी



घरी उर्दू, बाजारात मराठी व अहिराणी, शाळेत इंग्रजी. एवढ्या भाषा सांभाळणारी आपली मुले इंग्रजीच्या काळांत अडखळतात, ती बुद्धी कमी म्हणून नव्हे. घरच्या भाषेची सवय त्यांना तेथे फसवते.

बाहेर जाताना आपण म्हणतो, “आलोच!” क्रियापद भूतकाळी, माणूस अजून उंबऱ्यातच. याचे ‘आय केम’ करून चालत नाही. ‘आय विल बी बॅक सून’ म्हणावे लागते. ही चूक हसण्यावारी जाते. दुसरी एक जात नाही.

वडिलांना तीन दिवसांपासून ताप आहे. उर्दूतही ‘तीन दिन से बुख़ार है’. दोन्हीकडे क्रियापद वर्तमानकाळी. मागचा हिशेब ‘पासून’ आणि ‘से’ सांगतात. इंग्रजीत तो क्रियापदालाच सांगावा लागतो : ‘ही हॅज हॅड फीवर फॉर थ्री डेज’. मुलगा घाईत नुसते ‘ही हॅड फीवर’ म्हणाला, तर परप्रांतातला डॉक्टर समजेल, ताप उतरला! नोकरीच्या अर्जातही तेच. ‘आय वर्क्ड इन अ शॉप फॉर टू इयर्स’ म्हणजे दुकान सोडले. अजून तेथेच असाल, तर ‘आय हॅव बीन वर्किंग’ लिहा. मुदत सांगताना ‘फॉर’, आरंभ सांगताना ‘सिन्स’ : फॉर थ्री डेज, पण सिन्स मंडे.

उलट, होऊन गेलेल्या गोष्टीचे साल दिले की ‘हॅव’ गळते. ‘आय हॅव पास्ड एस. एस. सी. इन 2019’ हे चूक. ‘आय पास्ड’ एवढेच पुरे. ‘हॅव’ घातल्याने इंग्रजी भारदस्त होते, असा का कोण जाणे आपल्याकडे समज आहे.

सगळीकडे मात्र इंग्रजी वाकड्यात शिरत नाही. एरंडोलच्या स्टँडवर आपण ‘जळगावची गाडी सहाला सुटते’ म्हणतो. इंग्रजीतही ‘द बस लीव्हज ॲट सिक्स’. उद्याची गाडी असली तरी तेच.

पुस्तकातले बारा काळ पाठ करवून घेण्यावर माझा फारसा भरवसा नाही. ज्या माता-पित्यांना इंग्रजी येत नाही, त्यांनीही संध्याकाळी मुलांच्या वहीजवळ बसावे. प्रत्येक वाक्याचा अर्थ आपल्या भाषेत सांगायला लावावा आणि एवढेच विचारावे : “बेटा, ये अभी चल रहा है, या हो चुका? हो चुका तो कब, ये लिखा है क्या?”