पाळत कुणावर, पुरावा कशाचा?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात 'कोर्टकचेरी आणि आपण' या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

'खाजगी गुप्तहेर आणि कौटुंबिक खटले' हा माझा विषय फळ्यावर लिहिलेला पाहून सकाळपासून काहीजणी हसताहेत. साहजिक आहे. गुप्तहेर म्हटलं की सिनेमातला कोट-टोपीवाला डोळ्यांपुढे येतो. पण आपल्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बायका आता सरळ विचारतात, "ताई, डिटेक्टिव्ह लावला तर किती घेतात हो?" 'लग्नाआधी, लग्नानंतर, खात्रीशीर माहिती, पूर्ण गुप्तता' अशा जाहिराती त्यांनी वाचलेल्या असतात. तेव्हा यावर नीट बोलायला हवं.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

काही वर्षांपूर्वी एक बाई दोन मुलांना घेऊन केंद्रात आली. नवऱ्यानं घराबाहेर काढलेलं. पोटगीचा अर्ज केला होता. नवरा कोर्टात म्हणाला, "माझी नोकरी सुटली, मिळेल ते काम करतो, पोटगी कुठून देऊ?" हिला मात्र एकच ध्यास लागला होता. त्याचं बाहेर कुणाशी तरी आहे, त्याचा पुरावा हातात आला की जज्जसाहेब त्याला सोडणार नाहीत. खरं सांगते, तेव्हा मलाही तसंच वाटलं. एम.एस.डब्ल्यू. करून मी काही वर्षं या कामात होते, तरी वाटलं. तिनं दोन बांगड्या मोडल्या. एजन्सीच्या माणसाशी बोलायला मीच तिच्यासोबत गेले.

तीन आठवड्यांनी एक लिफाफा आला. आत सोळा फोटो. नवरा आणि ती दुसरी बाई मोटारसायकलवर, हॉटेलच्या दारात, एका इमारतीच्या फाटकापाशी. बाई दोन दिवस जेवली नाही. फोटो घेऊन आम्ही वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी ते पाहिले आणि विचारलं, "बरं, यावरून त्याचा पगार किती ते कळतं का?" आम्ही दोघी गप्प.

लिफाफा केंद्राच्या कपाटात पडून राहिला. दोन महिन्यांनी आमची एक नवी कार्यकर्ती फाइल लावत होती. ती म्हणाली, "अहो ताई, याच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र आहे की!" एका नाही, चार फोटोंत होतं. कंपनीचं नावही वाचता येत होतं. नोकरी सुटलेल्या माणसाच्या गळ्यात! आम्हाला हवा तो पुरावा सोळा फोटोंत पहिल्या दिवसापासून होता. आम्हाला तो दिसला नाही, कारण आम्ही दोघी त्या दुसऱ्या बाईकडे बघत होतो.

आज मला जे सांगायचं आहे ते एवढंच. गुप्तहेर लावायचा की नाही हा दुसरा प्रश्न. आपल्याला नेमकं काय शाबीत करायचं आहे, हा पहिला.

आता कायदा काय मागतो ते पाहू. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक प्रकरणांत तीनच गोष्टी शोधायच्या असतात. तो कुठे आहे, तो किती कमावतो आणि त्यानं दुसरं लग्न केलं आहे का.

पहिली गोष्ट पत्ता. समन्स परत येतं, 'सदर इसम या पत्त्यावर राहत नाही', आणि तारखांवर तारखा पडतात. नवरा शहर बदलून गेला असेल, त्याचे नातेवाईक तोंड उघडत नसतील, तर इथे गुप्तहेराचा खरा उपयोग होऊ शकतो. काम नेमकं आहे, उत्तर एका ओळीचं आहे, आणि त्यासाठी कुणाच्या खोलीत डोकावावं लागत नाही.

दुसरी गोष्ट कमाई. सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सांगितलं की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपली मालमत्ता, उत्पन्न आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र दिलंच पाहिजे. शेती करणाऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुनाही दिला आहे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हेही त्याच निकालात आहे. नवऱ्यानं प्रतिज्ञापत्र दिलं नसेल तर आधी ते मागा. दिलं असेल आणि खोटं असेल, तर ते खोडायला लागणारे कागद पुष्कळदा सरकारी दप्तरातच मिळतात. सातबारा आणि आठ-अ कुणालाही पाहता येतो. ग्रामपंचायतीत घराची नोंद असते. फ्लॅट घेतला असेल तर नोंदणी कार्यालयात इंडेक्स टू असतो. नोकरीचं ठिकाण कळलं की कंपनीकडून पगारपत्रक मागवावं असा अर्ज कोर्टात करता येतो. आणि नोकरीचं ठिकाण कसं कळतं? कंपनीची बस जिथे थांबते तिथे एक सकाळ उभं राहून. आमच्या त्या बाईला दोन बांगड्या मोडायची गरजच नव्हती.

तिसरी गोष्ट दुसरं लग्न. इथे सगळ्यात जास्त फसगत होते. पहिली बायको हयात असताना दुसरं लग्न हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४९४ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८२ आहे. पण दोघं एकत्र राहतात, तिच्या गळ्यात मंगळसूत्र आहे, लोक त्यांना नवरा-बायको म्हणतात, एवढ्यानं भागत नाही. लग्नाचे आवश्यक विधी झाले हे शाबीत करावं लागतं. १९६५ सालचा भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल लक्षात ठेवा. आरोपीचं दुसरं लग्न गांधर्व पद्धतीनं झालं होतं. होम आणि सप्तपदी झाल्याचं शाबीत झालं नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडलं. म्हणजे हॉटेलच्या दारातल्या शंभर फोटोंपेक्षा लग्नाला हजर असलेला एक माणूस मोलाचा. पत्रिका, विधींचे फोटो, लग्न लावणारा भटजी, विवाह नोंदणीचा दाखला, हे सगळं गावातली बाई गुप्तहेरापेक्षा लवकर शोधते.

आणि नुसते बाहेरचे संबंध? व्यभिचाराचं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली रद्द केलं. आता तो गुन्हा नाही. घटस्फोटाचं कारण म्हणून तो राहिला आहे. पण आपल्या बाईला घटस्फोट हवा आहे का? तिला बहुतेक वेळा घर हवं असतं, मुलांची फी हवी असते. मग ते फोटो काढायचे कशासाठी? तिला 'मी खोटं बोलत नव्हते' हे सिद्ध करायचं असतं. तिची ती गरज खरी आहे, तिची टिंगल करू नका. पण त्या गरजेसाठी तिची शेवटची पुंजी जाणार असेल, तर तिला थांबवून नीट समजावणं हे आपलं काम आहे.

तरीही गुप्तहेर लावायचं ठरलं, तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. हा धंदा करायला आपल्याकडे खास परवाना लागत नाही. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी २००५ चा कायदा आहे. गुप्तहेर संस्थांसाठीचं विधेयक २००७ साली राज्यसभेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे पाटी कुणीही लावू शकतो. म्हणून काम काय, दिवस किती, पैसे किती, हे कागदावर घ्या. पावती घ्या. आणि आधीच विचारा, "साक्षीला उभे राहाल का?" नुसता अहवाल म्हणजे पुरावा नव्हे. ज्यानं पाहिलं त्यानं साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन उलटतपासणीला तोंड द्यावं लागतं. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १४ नं त्या न्यायालयाला कागद स्वीकारण्याची बरीच मोकळीक दिली आहे, पण त्यावर विसंबू नका. फोटो आणि रेकॉर्डिंगच्या प्रतींना ठराविक प्रमाणपत्र जोडावं लागतं. आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या वादातच २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं हे ठामपणे सांगितलं आहे.

आता काय करू नये ते. काही माणसं सांगतात, "बाई, त्याच्या फोनचे सगळे कॉल काढून देतो, बँकेचा उतारा आणून देतो, मोबाइलमध्ये एक सॉफ्टवेअर टाकू." तिथून उठून या. कॉलचा तपशील खाजगी माणसाला विकत घेता येत नाही. २०१८ साली ठाण्याच्या पोलिसांनी याच आरोपावरून खाजगी गुप्तहेरांना अटक केली होती. आपली बाई न्याय मागायला जायची आणि आरोपी होऊन बसायची. कोर्टाला हवी असेल तर ही माहिती कोर्ट मागवतं. अर्ज करायला वकिलांना सांगा. आणि वकील परवडत नाही असं म्हणू नका. १९८७ च्या कायद्यानं कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न न बघता, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

मैत्रिणींनो, आता नाण्याची दुसरी बाजू. गुप्तहेराला पैसे लागतात आणि घरातला पैसा कुणाच्या हातात असतो हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे पाळत ठेवणारी बाई एखादी, पाळत ठेवली जाते अशा बायका पुष्कळ. बायको व्यभिचारात राहत असेल तर तिला पोटगी मिळणार नाही, ही अट जुन्या कलम १२५ मध्ये होती आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्येही कायम आहे. त्या अटीसाठीच नवरे माणसं लावतात. आमच्याकडच्या एका बाईचा, तिला कारखान्यातून घरी सोडणाऱ्या सहकाऱ्यासोबतचा फोटो कोर्टात आला. ती इतकी घाबरली की अर्ज मागे घेते म्हणाली. तिला आम्ही सांगितलं की शाबीत करायची जबाबदारी त्याची आहे. 'व्यभिचारात राहणं' म्हणजे सातत्यानं तसं जगणं, एखादा प्रसंग नव्हे, असं अनेक उच्च न्यायालयांनी म्हटलं आहे. मग मोटारसायकलवरच्या फोटोची काय कथा! कुणी मागावर असेल तर तारीख, वेळ, गाडीचा नंबर लिहून ठेवा आणि वकिलांना सांगा. बाईच्या फोनवर, मेसेजवर पुरुषानं चोरून नजर ठेवणं न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतं. एक सावधगिरी मात्र हवी. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की घटस्फोटाच्या खटल्यात नवरा-बायकोनं एकमेकांचं चोरून केलेलं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून घेता येईल. याचा उपयोग मारहाणीच्या धमक्या शाबीत करायला आपल्याला होईल, तसाच रागाच्या भरात आपण बोललेलं आपल्यावर उलटवायला त्यालाही होईल. केंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाईला हे सांगा.

शेवटी आपल्यापुरतं एक. शिकताना आम्हाला गृहभेट शिकवली होती. दारात उभं राहून आधी सांगायचं, मी कोण, कुठून आले, कशासाठी आले. चौकशी आपणही करतो, पण नाव सांगून. उद्या एखादी आई म्हणेल, "होणाऱ्या जावयाची चौकशी करून द्या." करावी. नोकरी, आधीचं लग्न, कर्ज, जरूर विचारावं. पण एखादी सासू म्हणेल, "सुनेचं कॉलेजात काय होतं ते बघा." तेव्हा आपण दार लावून घ्यायचं. बाईच्या चारित्र्याची पहारेदारी करायला ही संघटना काढलेली नाही.

त्या पहिल्या बाईचं काय झालं? ओळखपत्रावरून कंपनी कळली, कोर्टानं पगारपत्रक मागवलं, पोटगीचा हुकूम झाला. रक्कम काही फार मोठी नाही, पण मुलांची शाळा सुटली नाही. लिफाफा परत नेतेस का, असं मी तिला विचारलं. "नको ताई," ती म्हणाली, "त्यातलं कामाचं होतं ते कोर्टात गेलं."

पुढच्या वेळी कुणी बाई "डिटेक्टिव्ह लावू का?" म्हणाली, तर आधी तिच्यापुढे कोरा कागद ठेवा आणि तिला काय शाबीत करायचं आहे ते एका वाक्यात लिहायला सांगा. लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहा, पण वाक्य तिचं असू द्या.

आता तुमचे अनुभव ऐकू या.